अवकाशात गेलेलं वजन

प्रत्येक लॅबमध्ये एक ड्रॉवर असतो. पाय तुटलेल्या चिपा, जोडी हरवलेले स्क्रू, कुणाच्या तरी फेअरवेलचं पेन, बडीशेपेची पुडी, असं काहीबाही त्यात साठत जातं. फेकवत नाही आणि कामालाही येत नाही. ऑफिसातल्या किश्श्यांचं तसंच आहे. एक काढायला हात घालावा, तर त्याला अडकून चार बाहेर येतात. मी थोडं वाढवून सांगतो अशी माझी ख्याती आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. पण यातलं जे तुम्हाला सगळ्यात खोटं वाटेल, नेमकं तेवढं मी जसंच्या तसं ठेवलंय.

आमची कंपनी महाप्याला. बाहेरच्या बोर्डावर 'स्पेस' हा शब्द ठळक, पण पोट भरतं लिफ्टवर. पनवेलपासून ऐरोलीपर्यंत टॉवर उठला की त्याच्या लिफ्टचं कंट्रोल पॅनल आमच्याकडून जातं. तळमजल्यावर लिफ्ट, पहिल्या मजल्यावर अवकाश. अवकाशात आम्ही तिघं. टेस्टिंगला मी, म्हणजे सावंत. क्वालिटीला कांबळे, मूळचा लातूरकडचा, ज्याची सही झाल्याशिवाय गेटबाहेर स्क्रूसुद्धा जात नाही. आणि डिझाइनला वंदना तांडेल, करावे गावची. हा सगळा खटाटोप तिच्या चिपचा. आमच्या वर डायरेक्टर दातारसाहेब, आणि दातारसाहेबांच्या वर फक्त एसी.

*

दातारसाहेबांना चिप समजावून सांगायचा पहिला दिवस.

"तांडेल मॅडम, साध्या भाषेत. मी बिल्डर लोकांत वावरणारा माणूस."

वंदना म्हणाली, "सर, कोरा फ्लॅट समजा. आत भिंती नाहीत. भिंती कुठे घालायच्या त्याचा नकाशा मेमरीत लिहिलेला असतो. नकाशा बदलला की त्याच जागेत कधी ऑफिस, कधी दवाखाना. सॅटेलाइट वर गेल्यावरसुद्धा खालून नवा नकाशा पाठवता येतो. ही झाली रिप्रोग्रामेबल चिप."

"छान. मग अडचण काय?"

"वर किरणांचा मारा असतो. एखादा कण नकाशावर बसला की एक रेघ हलते. किचनचं दार उघडायला जावं तर आत बाथरूम. सॅटेलाइट वेडं होतं. कारण साध्या मेमरीत नकाशा चिमूटभर विजेवर लिहिलेला असतो. मी तो बारीक चुंबकांवर लिहिते. चुंबकाचं तोंड इकडे म्हणजे एक, तिकडे म्हणजे शून्य. कण आपटला तरी चुंबक तोंड फिरवत नाही. आणि वीज गेली तरी विसरत नाही."

मी टेस्टिंगमधला जुना माणूस, पण इतकं सोपं मलाही कुणी सांगितलं नव्हतं. साहेब बराच वेळ विचारात होते.

मग म्हणाले, "पण मॅडम, किचन आणि बाथरूम लागून असलं तर प्लंबिंग स्वस्त पडतं."

त्याच बैठकीत त्यांनी हेही सांगून टाकलं: मार्चपर्यंत चिप वर गेली नाही, तर पहिला मजला भाड्याने द्यायचा आणि मॅडमनी लिफ्टच्या पॅनलला जायचं. वंदनाने मान हलवली. खाली येताना जिन्यात मला म्हणाली, "सावंतदादा, मला ती वर गेलेली नकोय. वर जाऊन चालू झालेली हवीय."

हे वाक्य लक्षात ठेवा. साहेबांना त्यातलं अर्धंच हवं होतं.

*

चिपची पहिली पेटी टेस्टला पाठवायची होती. आमच्याकडे डिस्पॅच एकच, तळमजल्याचा. त्यांनी पेटी लिफ्टच्या मोटरींसोबत ट्रकात चढवली आणि ट्रक गेला जासईला, कंटेनर यार्डात. मोटरी परदेशी जाणार होत्या.

आता गंमत बघा. या लिफ्टच्या मोटरी म्हणजे आत चुंबकच चुंबक. आणि आमची चिप चुंबकावर लिहिलेली. म्हणजे पाटीवर लिहून ती पाटी स्पंजाच्या गोदामात ठेवावी, तसं.

मी आणि कांबळे यार्डात पोचलो, तर पेटी बरोब्बर मोटरींच्या मध्ये. वर कुणाचा तरी जेवणाचा डबा. कांबळे हताश होऊन म्हणाला, "सावंत, नासलं की सगळं. घरी जाऊन काय सांगावं?"

पेटी लॅबला आणून वंदनाच्या हातात दिली. तिने बोर्ड जोडला, चालू केला, स्क्रीनकडे बघितलं आणि चहा मागवला.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? सगळं जागेवर आहे. मोटरचं चुंबक लोखंडात बंद असतं. बाहेर येतं ते फ्रिजवरच्या फुलपाखराएवढं."

आम्ही दोघं सुटकेचा श्वास टाकतोय, तोवर दातारसाहेब आले. त्यांना सगळं कळलं होतं. पुढच्या आठवड्यात माहितीपत्रकात एक नवी ओळ आली: 'अतिशय कठीण चुंबकीय वातावरणात यशस्वी चाचणी.' शेजारी साहेबांचा फोटो, हातात चिप. उलटी धरलेली.

*

खरी चाचणी वेगळ्या गावाला. तिथे मोठं यंत्र असतं, त्यातून कणांचा झोत सोडतात. तिथली वेळ मिळणं म्हणजे मोठ्या डॉक्टरची अपॉइंटमेंट. आम्ही दोन चिपा नेल्या. एक बाजारातली नेहमीची, एक वंदनाची. दोघींवर तोच झोत, तेवढाच वेळ.

बाजारातल्या चिपचे एरर इतक्या वेगाने वाढत गेले की स्क्रीनवरचे आकडे वाचता येईनात. तिचा नकाशा पार विस्कटला. वंदनाची चिप? शून्य. झोत वाढवला. शून्य. मी केबल हलवून बघितली, कारण माझा स्वभाव तसा. शून्यच.

वंदना मात्र खूश नव्हती. "चुंबक हलणार नाहीतच. पण चुंबक वाचणारं जे सर्किट आहे, ते विजेवरचं आहे. ते चुकू शकतं. म्हणून मी प्रत्येक गोष्ट तीनदा वाचते आणि दोघांचं जुळेल ते खरं धरते."

कांबळे म्हणाला, "म्हणजे आमच्या सोसायटीची मीटिंग."

"तुमच्या सोसायटीत दोघांचं जुळतं?"

रिपोर्ट दातारसाहेबांच्या टेबलावर गेला. त्यांनी चष्मा काढला, लावला, परत काढला.

"मॅडम, शून्य? शून्यावर कोण विश्वास ठेवील? मशीन बंद असेल असं म्हणतील. रिपोर्ट नॅचरल वाटायला हवा."

 मग कांबळेने अत्यंत अदबीने विचारलं, "सर, दोन-चार एरर टाकू का? चवीपुरते?"

साहेब विचार करायला लागले. खरंच विचार करायला लागले! वंदनाने टेबलावरून रिपोर्ट उचलला आणि ती बाहेर गेली. रिपोर्ट शून्यासकटच गेला. आणि साहेब म्हणाले तसंच झालं. समोरच्यांनी लिहून कळवलं: 'निकाल संशयास्पद वाटतो.'

*

समोरचे म्हणजे बेंगळुरूची एक सॅटेलाइट बनवणारी कंपनी. त्यांची कमिटी मुंबईला आली, बेलापूरला एका हॉलमध्ये बैठक ठरली. खाली कोर्टकचेरीवाल्यांची गर्दी, वर आम्ही. कमिटीत पाच जण, पाचही जण मान हलवत ऐकत होते. वंदना सुंदर बोलली. शेवटी अध्यक्षांनी एकच प्रश्न विचारला.

"ही चिप आधी कधी अवकाशात गेलीय का?"

"नाही सर. म्हणून तर तुमच्याकडे आलोय."

"पण आधी गेलेली नसेल तर आम्ही पाठवू कशी?"

हा या धंद्याचा रिवाज आहे. मी चेष्टा करत नाही. याला ते 'हेरिटेज' म्हणतात. जी वस्तू वर जाऊन आलेली नाही... म्हणजे येत कोणीच नाही, पण जी वर गेलेली नाही, तिला वर जायला परवानगी नाही. आणि जी गेलीय, ती जशी गेली तशीच पुन्हा पाठवायची. एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही.

कांबळे परतीच्या वाटेवर म्हणाला, "अनुभवी नवरी पाहिजे म्हणतेत आणि पहिलं लग्न पाहिजे म्हणतेत."

सॅटेलाइटच्या मुख्य बोर्डावर त्यांनी परदेशी चिप घेतली. बाजारातली. झोताखाली जिचे आकडे आम्हाला वाचता येत नव्हते, तीच जात. तिला हेरिटेज होतं.

*

मधल्या काळात आम्हाला पुरस्कार मिळाला. हो, न गेलेल्या चिपसाठी. वाशीच्या एका हॉटेलात समारंभ. दातारसाहेब स्टेजवर. त्यांनी कोऱ्या फ्लॅटचं, किचन-बाथरूमचं, चुंबकाच्या तोंडाचं, सगळं शब्दन् शब्द सांगितलं. टाळ्या पडल्या. वंदना मागच्या टेबलावर पनीर टिक्का खात ऐकत होती.

मी म्हटलं, "तुझंच सगळं बोलतायत."

ती म्हणाली, "प्लंबिंगचं गाळलं तेवढं बरं केलं."

त्या पुरस्काराच्या खुशीत साहेबांनी एक पितळी पट्टी करून घेतली. जाडजूड, कोरीव अक्षरं: कंपनीचं नाव आणि खाली 'संकल्पना: दातार'. आमची चिप बसवलेल्या बोर्डाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात, झाकणाच्या आतल्या बाजूला ती लावायची. "बाहेर नको, बाहेर रंग देतात," ते म्हणाले. "नाव आत सुरक्षित राहील. युगानुयुगं."

*

मार्च जवळ आला. पहिल्या मजल्याची मापं घ्यायला एक इस्टेट एजंट येऊन गेला. वंदनाने ड्रॉवर आवरायला घेतला होता. अशात बेंगळुरूहून फोन. नायर नावाचा त्यांचा इंजिनियर होता.

त्यांचं सॅटेलाइट एका बाजूला झुकत होतं. तोल साधायला दुसऱ्या बाजूला थोडं वजन हवं होतं. अशा वेळी धातूचा ठोकळा लावतात. पण त्यांचा ठोकळा वेळेवर येत नव्हता. तुमच्याकडे त्या वजनाचं काही आहे का, असं ते ओळखीच्या सगळ्यांना विचारत सुटले होते.

दातारसाहेबांच्या डोळ्यांत मी प्रथमच प्रतिभा बघितली. "आपला बोर्ड द्या! डब्यासकट. वजन म्हणून जाईल. पण जाईल ना?"

वंदना म्हणाली, "सर, त्याला वीज मिळणार का?"

"वजनाला वीज कशाला?"

डबा वजनकाट्यावर ठेवला. थोडासा जास्त भरला. तेवढं काहीतरी कमी करायला हवं होतं.

वंदना म्हणाली, "झाकणातली पितळी पट्टी काढू. बरोबर तेवढीच आहे."

साहेब म्हणाले, "कनेक्टर काढा. नाहीतरी लावायचाय कुठे?"

कनेक्टर म्हणजे डब्याच्या कडेच्या भोकात बसवलेला तो जोड, जिथून बोर्डाला वीज मिळते, ज्यातून तो बोलतो आणि ऐकतो. बोर्डाचं तोंड आणि कान. भरीव धातूचा असल्यामुळे तो जड. वंदनाने स्वतः बसून तो काढला. पीन पीन मोकळी केली, वितळलेलं शिसं टिपून घेतलं, भोकावर पत्र्याची झाकणपट्टी बसवली.  काट्यावर वजन बरोब्बर आलं. कांबळेने सही केली. कनेक्टर तिने ड्रॉवरात टाकला.

त्या संध्याकाळी मी तिला करावेला सोडायला गेलो. तिचे वडील अंगणात जाळं विणत बसले होते. आयुष्यभर खाडीत होडी चालवलेला माणूस. रोजच्यासारखं त्यांनी विचारलं, "गेली का तुजी वर?"

"जातंय, बाबा. वजन म्हनून जातंय. तोलाला."

म्हातारा थोडा वेळ गाठी मारत राहिला. "होरी रिकामी असली की आमी पन दगर टाकताव. तोल ऱ्हातं." मग हसून म्हणाला, "दगरावर नाव नाय लिवत पन कोन."

पट्टीबद्दल त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच.

*

उड्डाण झालं. कॅन्टीनमध्ये मोठा स्क्रीन, पेढे, साहेबांचं भाषण. पहिला मजला वाचला. साहेब सगळ्यांना सांगत होते, "गेली! आपली चिप गेली!" लिफ्टवाले पोरांना घेऊन आले होते. त्यांनी वंदनाबरोबर सेल्फी काढले. ती फोटोत बरी हसते.

मग पावसाळा संपता संपता बेंगळुरूला ओरड झाली. सॅटेलाइट गप्प. मुख्य बोर्डावरच्या परदेशी चिपचा नकाशा हलला होता. खालून नवा पाठवावा, तर तो ऐकणारा भागच बिघडलेला. सॅटेलाइट वर फिरतंय, धडधाकट, सूर्याची वीज घेतंय आणि कुणाचंही ऐकत नाहीये.

नायरचा वंदनाला फोन आला. तिने स्पीकरवर टाकला. मी आणि कांबळे शेजारी.

नायरला मराठी समजतं, बोलतो मात्र हिंदीत. म्हणाला, "मॅडम, आपका बोर्ड है ना ऊपर? उसमें मेमरी ठीक होगी?"

"ठीक असेल. वीज नसली तरी तो विसरत नाही. मी पूर्ण नकाशा भरून पाठवला होता."

"मेरे पास उस बॉक्स के बगल में एक केबल खाली पड़ा था, मॅडम. स्पेअर. मैं लगा सकता था. आज वही बोर्ड सब सँभाल लेता." मग थांबून, "कनेक्टर क्यों नहीं था?"

तिने ड्रॉवर उघडला. तो फोनवर तिकडे होता, त्याला काय दिसणार. तरी तिने कनेक्टर उचलून फोनसमोर धरला.

"इथे आहे," ती म्हणाली. "माझ्या हातात."

फोन ठेवल्यावर आम्ही कोणीच कोणाकडे बघितलं नाही. कांबळे खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "सही मी केली होती, ताई."

"वजन बरोबर होतं," वंदना म्हणाली.

*

आता शेवटचा.

त्या कंपनीचं पुढचं सॅटेलाइट आलं. पुन्हा बेलापूर, पुन्हा तोच हॉल, तेच पाच जण. अध्यक्षांनी तोच प्रश्न विचारला. "आधी अवकाशात गेलीय का?"

दातारसाहेब ताडकन उभे राहिले. "गेलीय!"

"तिथे काही बिघाड?"

"एकसुद्धा नाही!"

"म्हणजे शून्य?"

"शून्य!"

यावेळी शून्याचा संशय कोणालाही आला नाही. पाच माना एकदम हलल्या. मंजूर. वंदनाचा हात टेबलाखाली माझ्या मनगटावर आवळला गेला, इतका की नखं रुतली. मला वाटलं, झालं, सुटली एकदाची.

मग अध्यक्षांनी अटी वाचून दाखवल्या. हेरिटेज असलेली वस्तू जशी गेली तशीच जाणार. तोच डबा, तीच पितळी पट्टी, तेच वजन, विजेची जोडणी नाही, कनेक्टर नाही. त्यांना असे चार डबे हवेत. चार कोपऱ्यांना. तोलासाठी.

साहेबांनी सगळ्यांशी हस्तांदोलन केलं आणि चार नव्या पितळी पट्ट्यांची ऑर्डर तिथूनच फोनवर दिली. वंदनाने माझं मनगट सोडलं.

पहिला डबा तयार झाला त्या दिवशी तिने तो कांबळेच्या टेबलावर आणून ठेवला. नवा कोरा, झाकण बंद, कडेच्या भोकावर पत्र्याची झाकणपट्टी. सगळं पहिल्या डब्याच्या फोटोतल्यासारखं. कांबळेने काट्यावर ठेवला. वजन बरोब्बर तेच.

कांबळे चांगला क्वालिटीवाला आहे. त्याने बोटाने झाकणपट्टी वाजवली. आवाज भरीव आला. मागच्या वेळी पोकळ आला होता.

त्याने वंदनाकडे बघितलं. तिने त्याच्याकडे.

"ताई, वजन तर तेवढंच हाय."

"तेवढंच हाय."

"मग आत कमी काय केलं?"

तिने सहीचा कागद त्याच्यापुढे सरकवला. कांबळेने पेनचं टोपण काढलं, दोनदा लावलं, तिसऱ्यांदा काढलं.

"नायरसाहेबाच्या नव्या सॅटेलाइटातबी तशी मोकळी केबल हाय का?"

"हाय म्हनतो."

कांबळेने सही केली, तारीख घातली आणि डब्याला सील लावलं.

हल्ली आमच्या लॅबमध्ये टेबलावर चहाचे डाग पडत नाहीत. वंदनाच्या ड्रॉवरातून एक पितळी पट्टी निघाली आहे. जाडजूड, कोरीव अक्षरांची. आम्ही ती पालथी घालून तिच्यावर कप ठेवतो.